बिली हॉलिडे ऐकायची कुठली: १९३७ची की १९५८ची?

कानसेन
जॅझ नव्याने ऐकू लागलेल्याच्या हातात हमखास अमेरिकी गायिका बिली हॉलिडेची 'लेडी इन सॅटिन' ही तबकडी दिली जाते. फेब्रुवारी १९५८चं ध्वनिमुद्रण, मागे चाळीसेक वादकांचा ताफा, पुढे खरवडलेला, दमलेला आवाज. १७ जुलै १९५९ला बिली गेली, तेव्हा अवघी ४४ वर्षांची होती. हे ठाऊक असल्यामुळे ऐकणारा आधीच हळवा झालेला असतो. माझ्या मते ही तबकडी लोक कानाने कमी आणि कणवेने जास्त ऐकतात. गायिका म्हणून बिली काय चीज होती हे १९३५ ते १९४२मध्ये कळतं.

त्या काळातल्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. गाण्याच्या वाट्याला बहुतेक वेळा चालीचं एकच आवर्तन, ३२ मात्राखंडांचं (बार), बाकी वादकांचं. चाली बऱ्याचदा सुमार. तिच्या गळ्याचा पल्ला सप्तकाहून थोडाच मोठा. मग ती काय करते? वर चढणारी ओळ दोन-तीन सुरांत आणून बसवते आणि गंमत सगळी लयीत आणते. २५ जानेवारी १९३७ला सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग तिच्यासोबत पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला आला. मागे टेडी विल्सनचा पियानो, वॉल्टर पेजचा बास, फ्रेडी ग्रीनची गिटार, जो जोन्सचे ड्रम. त्याच वर्षी जूनमधलं 'अ सेलबोट इन द मूनलाइट' ऐका. तिची ओळ संपते तिथे लेस्टरचा सॅक्सोफोन शिरतो आणि पुढचा शब्द यायच्या आत बाजूला होतो. हे १९५८मध्ये कुठे आहे?

मंद्र
नाही पटलं. कणवेचा आरोप तर अजिबातच नाही. त्या तबकडीचं वाद्यवृंद-संयोजन रे एलिसचं. ध्वनिमुद्रण चालू असताना तो स्वतः तिच्या गाण्यावर नाखूश होता. नंतर शांतपणे ऐकल्यावर त्याचं मत बदललं. आपण फक्त सुरांच्या हिशेबाने ऐकत होतो, हे त्याने नंतर मान्य केलं.

'यू हॅव चेंज्ड' घ्या. दम पुरत नाही, म्हणून ती लांब सूर धरतच नाही. पण तोडते कुठे ते पाहा: शब्द पुरा झाल्यावर, अर्थाच्या जागी. ओळीच्या शेवटी सूर किंचित खाली ढळतो. ती सवय तरुणपणीही होती, इथे तिला वजन आलं आहे. आणि १९३७मध्ये खाली पेज-ग्रीन-जोन्सची फरसबंदी होती. तिच्यावर मात्रेच्या मागे रेंगाळणं सोपं. १९५८मध्ये ठेका इतका संथ आणि मऊ, वर तंतुवाद्यांची साय, की लय तिलाच आतून सांभाळावी लागते.

ठेकेदार
'रेंगाळणं सोपं' हे वाक्य मागे घ्या. हौशी गायकांचं नेमकं इथेच बिनसतं.

करून पाहा. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टोले देणारं यंत्र) मिनिटाला ५० टोल्यांवर लावा आणि त्याचा टोला दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरा; म्हणजे गाणं १००च्या लयीत झालं. आधी दोनदा चाल सरळ, मात्रेवर म्हणा. मग प्रत्येक ओळ अर्धी मात्रा उशिरा उचला, पण शेवटचा शब्द ज्या मात्राखंडात होता तिथेच आला पाहिजे. त्यासाठी मधले शब्द दाटीने घ्यावे लागतात. बिलीची सगळी किमया त्या दाटीत आहे. लोक फक्त उशीर उचलतात, दाटी विसरतात. उशीर साठत जातो आणि दुसऱ्या आठ खंडांतच सम हातची जाते. दुसरी चूक ड्रमवाल्याची: गायिका मागे राहिली की तोही तिच्यासाठी थांबतो आणि ३२ खंड संपेपर्यंत लय मंदावते. जो जोन्स थांबत नसे, म्हणून तिला मागे राहता येई.

पट्टीचंही तेच. छापील पट्टीत गायलात तर वरचा सूर ओरडून लागतो. सगळ्यात वरचा सूर सहज बोलता येईल इतकी पट्टी उतरवा. १९५८चा खरखरीतपणा मात्र उचलू नका. तो आजाराचा आणि झिजेचा आहे, ती काही गायकी नव्हे. घसा मुद्दाम घासून तो आणायला गेलात तर तुमचाच आवाज बसेल.

मंद्र
दाटीचं मान्य, तेवढं वाक्य मागे. पण खरखर उचलू नका म्हणजे ऐकूही नका, असं होत नाही.

तिसरी_बाजू
आवाज का उतरला यावर कुणीच बोलत नाही. दारू आणि हेरॉइन ही कारणं आहेतच. पण १९४७मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तिला शिक्षा झाली आणि न्यूयॉर्क पोलिसांचं कॅबरे कार्ड गेलं. त्या कार्डाशिवाय शहरातल्या मद्यविक्री करणाऱ्या क्लबात गाता येत नसे. २७ मार्च १९४८ला, तुरुंगातून सुटून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा न्यूयॉर्कमधलं मैफिलींचं मोठं सभागृह, कार्नेगी हॉल, तिच्यासाठी तुडुंब भरलं. तिथे गायला परवानगी, कोपऱ्यावरच्या क्लबात बंदी! रोज रात्री छोट्या खोलीत, हाताच्या अंतरावरच्या वादकांशी गाऊन जी गायकी घडली, तिची जागाच काढून घेतली. १९३७ आणि १९५८ची तुलना करताना हा अन्याय हिशेबात धरायलाच हवा.

म्हणून मी तिसरंच सुचवतो: ८ डिसेंबर १९५७, अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातलं 'फाइन अँड मेलो'. बारा मात्राखंडांच्या आवर्तनाचा ब्लूज. आवाज उतरलेला, पण भोवती छोटा ताफा आहे. लेस्टर एकच आवर्तन वाजवतो, मोजके सूर, आणि ती मान हलवत ऐकते. तिचा चेहरा पाहा.

कानसेन
कार्डाचा मुद्दा मोठा आहे, मी तो धरला नव्हता. तरी सुरुवात १९३७पासूनच करा, असंच म्हणेन. फक्त प्रत पारखून घ्या. जुन्या तबकड्यांची खरखर पार पुसलेल्या प्रतींत वरचे सूरही पुसले जातात; जो जोन्सच्या झांजा बोथट होतात आणि फ्रेडी ग्रीनची गिटार जवळजवळ गायब. थोडी खरखर राहू दिलेली प्रत घ्या. 'धिस इयर्स किसेस'मध्ये लेस्टर आधी चाल वाजवतो, मग ती येते. पहिल्यांदा फक्त गिटारीवर कान ठेवून पायाने ताल धरा. दुसऱ्यांदा तिचा प्रत्येक शब्द पायाच्या किती मागे पडतो ते मोजा.