मदत हवी आहे: परदेशातल्या लष्करी कारवाईचा पैसा अमेरिकी काँग्रेस कसा रोखते?

जिज्ञासू: वादविवादाचं टिपण करतोय. तिजोरी काँग्रेसच्या हातात, हे कळतं. पण राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. मग निधीबंदी लागू होते तरी कशी? कलमाचे शब्द कसे असावेत?

तळटीप: स्वतंत्र विधेयक आणलं की नकाराधिकार आलाच. ज्याच्याशिवाय सरकारचं चालत नाही, अशा खर्चाच्या विधेयकात कलम घुसवतात. कंबोडियावरची बॉम्बफेक अशीच थांबली. जून १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून पुरवणी खर्चाचं विधेयक परत पाठवलं, पण आर्थिक वर्ष ३० जूनला संपत होतं. शेवटी तडजोड झाली: १५ ऑगस्टपासून पैसा बंद. तोवर आणखी दीड महिना बॉम्ब पडत राहिले, हेही टिपणात घ्या.

शब्दांचं म्हणाल तर नुसतं 'या कायद्याखालील निधी' लिहू नका. आधी मंजूर झालेला, पण न खर्चलेला पैसा त्यातून सुटतो. १९७३ च्या कलमाने इतर कायद्यांखालचा जुना निधीही अडवला, 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' असं म्हटलं आणि देशांची नावं, त्यांचं आकाश, किनाऱ्यालगतचा समुद्र, सगळं मोजून लिहिलं.

आडवळण: फसलेलं उदाहरण म्हणून निकाराग्वा घ्या. १९८२ च्या बोलंड दुरुस्तीने (खर्चाच्या कायद्यात घातलेलं कलम) तिथलं सरकार उलथवण्याच्या 'हेतूने' काँट्रा बंडखोरांना पैसा द्यायला मनाई केली. रेगन प्रशासन म्हणालं, आमचा हेतू एल साल्वादोरला जाणारी शस्त्रं अडवण्याचा आहे! हेतू सिद्ध कोण करणार? कृतीवर बंदी हवी. १९८४ मध्ये 'गुप्तचर कामात गुंतलेल्या' सर्व यंत्रणांवर बंदी आली, तर राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणारी राष्ट्रीय सुरक्षा परिषद त्यात बसत नाही असा युक्तिवाद झाला. बंडखोरांसाठी पैसाही इराणला विकलेल्या शस्त्रांतून आणि बाहेरच्या देशांकडून आला.

जिज्ञासू: आभार. सैन्य आधीच तिथे असेल तर? 'जवानांना वाऱ्यावर सोडलं' हा आरोप होणारच.

तळटीप: म्हणून तारीख पुढची देतात आणि अपवाद लिहून ठेवतात. सोमालियासाठी ३१ मार्च १९९४ नंतर निधी बंद होता, मात्र अमेरिकी नागरिक आणि राजनैतिक कचेऱ्यांच्या रक्षणासाठी मर्यादित मुभा होती. अपवाद मोघम ठेवला तर बंदीला अर्थ उरत नाही.

आडवळण: उलट बाजूही पाहा. पैसा मंजूर केला म्हणजे युद्धाला संमती दिली असं समजू नये, असं १९७३ चा युद्धाधिकार ठराव सांगतो. तरी कोसोव्होतल्या हवाई कारवाईसाठी १९९९ मध्ये मंजूर झालेल्या पुरवणी निधीतच न्याय खात्याने संमती शोधली. तेव्हा निधी देतानाच 'ही कारवाईला परवानगी नव्हे' असं स्पष्ट वाक्य घालावं.