मदत हवी आहे: मुलगी १९ वर्षांची, पालकत्व घ्यावं की नको?

मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. कार्यशाळेत कागदी पिशव्या करते, थोडं मानधन मिळतं. तिच्या नावाने खातं उघडायला बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. "हिला सही येते का?" हे मला विचारलं! लेक शेजारी पेनचं टोपण काढून तयार बसलेली, आठवडाभर वहीत सही गिरवत होती. शेवटी "कायदेशीर पालकत्वाचा दाखला आणा" म्हणून परत पाठवलं. रिक्षात बसलो तरी टोपण हातातच, ड्रेसला शाई लागली.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक (म्हणजे तिच्या वतीने कायदेशीर निर्णय घेणारी व्यक्ती) नेमते, हे माहितीये. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, तेही तिने आणि पालकाने मिळून ठरवायचं. शिवाय कलम १३ प्रमाणे पैशाचे व्यवहार सांभाळायचा हक्क तिलाही आहेच. दीर म्हणतात, "सरळ पूर्ण पालकत्व घे, उद्या कोणी फसवलं तर?" भीती मलाही आहे, खोटं कशाला बोलू.

पण तिचं न ऐकण्यात मीही काही कमी नाही. "पिवळा की निळा?" विचारलं की ती नेहमी "निळा" म्हणायची. वाटलं, आवडतो. एकदा क्रम उलटा केला, तर "पिवळा"! म्हणजे इतकी वर्षं ती माझा शेवटचा शब्दच परत देत होती. आता दोन्ही ड्रेस पलंगावर ठेवते आणि गप्प बसते. कधी कधी दहा मिनिटं लागतात.

पैशाचं काय पलंगावर ठेवू? कुणी मुलांना खातं, शिल्लक समजावलंय का? मर्यादित पालकत्व कुणाला मिळालंय?

प्रतिसाद: ताई, आधी बँकेकडून नकार लेखी मागा, कारणासकट. आमच्या वेळी तेवढ्यानेच सूर बदलला. न्यासाखाली पालक झालात तर सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, तेही ध्यानात घ्या. शिल्लक समजवायला आम्ही बरणीत दहाची नाणी ठेवली. खर्च केला की स्वतःच्या हाताने काढायचं. पासबुक नंतर.

मूळ धागाकर्ती: बरणी आजच काढते. बँकेतला अर्ज मात्र तीच देणार म्हणतेय, मी मागे उभं राहायचं.