मदत हवी आहे : विंडोज ९८ वर टीएनटी२ एम६४ ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर

सर्व जाणकारांना नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला वडसा म्हणतात, त्याच्या जवळच्या एका खेड्यातून हा प्रश्न विचारत आहे. माझे वडील पूर्वी डीटीपीचे काम करीत. झाडीपट्टीतल्या नाटकांची हँडबिले, तिकिटे आणि लग्नपत्रिका हा त्यांचा व्यवसाय होता. परंतु नाटकांचा हंगाम सरला की ते आसपासच्या गावांतील जुन्या माणसांकडून दंडार या लोकनाट्याची गाणी उतरवून घेत आणि पेजमेकर ६.५ या पाने मांडण्याच्या प्रोग्राममध्ये त्यांची पाने लावून ठेवत. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या आणि छापील प्रती २०२० च्या वैनगंगेच्या पुरात भिजल्या. माळ्यावर ठेवलेला संगणक तेवढा वाचला.

हार्ड डिस्कची पूर्ण नक्कल मी दुसऱ्या संगणकावर काढून ठेवली आहे, त्यामुळे फाइली सुरक्षित आहेत. अडचण त्या वाचण्याची आहे. अक्षरे युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये असल्याने नव्या संगणकावर गाण्याच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ दिसते, आणि तो फॉन्ट चालवणारे सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टात डोंगल (परवान्याची छोटी खुंटी) असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणून पाने त्याच जुन्या यंत्रावर उघडणे भाग आहे.

यंत्र पेंटियम थ्री असून मदरबोर्डावर व्हीआयए अपोलो प्रो १३३ए चिपसेट (भागांना एकमेकांशी जोडणारा चिपसंच) आहे, रॅम १२८ एमबी आहे आणि विंडोज ९८ सेकंड एडिशन आहे. त्यातले मूळ एसआयएस ६३२६ ग्राफिक्स कार्ड बंद पडले. नागपुरातल्या एका भंगार दुकानातून दुसरे एजीपी (ग्राफिक्स कार्डासाठीची त्या काळची जोडणी) कार्ड आणले. त्यावर कंपनीचे नाव नाही, चिपवर उष्णताशोषक पट्टी घट्ट चिकटवलेली आहे आणि ती ओढून काढण्याचे धाडस मी केले नाही. कार्ड चालते, पण केवळ ६४० × ४८० आणि १६ रंगांत. एवढ्या पडद्यावर पेजमेकरच्या काही चौकटींची खालची बटणे दिसतच नाहीत, आणि अर्धा र व जोडाक्षरे तपासायची तर पान इतके मोठे करावे लागते की एका वेळी अर्धी ओळ दिसते.

कार्डाची ओळख मला विंडोजच्या रजिस्ट्री या नोंदसंग्रहातून पटली. एचकेईवाय लोकल मशीन, त्यात एनम, त्यात पीसीआय या ठिकाणी प्रत्येक उपकरणाचा निर्माता क्रमांक आणि उपकरण क्रमांक नोंदलेला असतो. तेथे मला ग्राफिक्सच्या दोन नोंदी दिसल्या. पहिली १०३९ आणि ६३२६, ही काढून टाकलेल्या एसआयएस कार्डाची. विंडोज ९८ जुनी नोंद स्वतःहून पुसत नाही, हे मला आधी ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे दोन दिवस मी चुकीच्या ड्रायव्हरच्या मागे घालवले. दुसरी नोंद १०डीई आणि ००२डी. १०डीई हा एनव्हीडियाचा क्रमांक आणि ००२डी म्हणजे रिवा टीएनटी२ मॉडेल ६४.

त्यानंतर एनव्हीडियाचा विंडोज ९८ साठीचा शेवटचा ड्रायव्हर म्हणून ८१.९८ ही आवृत्ती मिळवली. योग्य हार्डवेअर सापडले नाही असे सांगून ती थांबली. आतली आयएनएफ फाइल (चालणाऱ्या उपकरणांची यादी) नोटपॅडमध्ये उघडून शोधले, तर ००२डी त्या यादीतच नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणाहून टीएनटी२ च्या नावाने मिळालेली फाइल टाकली, तेव्हा संगणक विंडोजच्या चिन्हापाशी अडकला आणि सेफ मोडमधून (मोजक्याच ड्रायव्हरांसह विंडोज सुरू करून) तो ड्रायव्हर काढावा लागला.

माझे प्रश्न असे आहेत. या कार्डाला चालणारी नेमकी कोणती आवृत्ती घ्यावी? संगणक अडकला तो ड्रायव्हर सदोष म्हणून, की दुसऱ्या कारणाने? शोध घेतला की बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरऐवजी ‘सर्व ड्रायव्हर अद्ययावत करा’ असे सांगणारा भलताच प्रोग्राम हाती पडतो. तेव्हा फाइल विश्वासाची आहे हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १

आपण डिस्कची नक्कल आधी काढलीत आणि क्रमांकावरून चिप ओळखलीत, त्यामुळे निम्मे काम झालेलेच आहे. ८१.९८ ही विंडोज ९८ साठीची शेवटची आवृत्ती हे खरे, पण टीएनटी आणि टीएनटी२ यांना त्याआधीच वगळण्यात आले होते. त्यांच्यासाठी २००५ मधली ७१.८४ ही शेवटची. तरीही मी आपल्याला तीही सुचवणार नाही. आपल्याला खेळ खेळायचे नाहीत, स्थिर पडदा हवा आहे. त्यासाठी कार्डाच्या काळातला, २००० सालच्या एनव्हीडियाच्या डिटोनेटर ३ मालिकेतला ड्रायव्हर हलका आणि पुरेसा आहे.

संगणक अडकण्याचे कारण बहुधा दुसरीकडे आहे. व्हीआयए चिपसेटच्या बोर्डावर एजीपी नीट चालण्यासाठी व्हीआयएचा ‘फोर इन वन’ हा ड्रायव्हर संच लागतो. आधी सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधल्या एसआयएस आणि एनव्हीडिया या दोन्ही नोंदी काढा, मग विंडोजच्या स्टँडर्ड व्हीजीए या साध्या ड्रायव्हरवर यंत्र सुरू करून फोर इन वन टाका, पुन्हा सुरू करा आणि शेवटी डिटोनेटर टाका. हा क्रम उलटा झाला की हमखास घोटाळा होतो. विंडोज ९८ ची सीडी जवळ ठेवा. मध्येच ती मागितली जाते. पेन ड्राइव्ह या विंडोजला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखता येत नाही, म्हणून सर्व फाइली सीडीवर लिहून न्या.

फाइलींसाठी इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या फाइली जपणाऱ्या संकेतस्थळावर जुन्या कार्डांसोबत येणाऱ्या सीड्यांच्या प्रतिमा (संपूर्ण सीडीची एकच फाइल) शोधा. फाइल उलगडून आयएनएफमध्ये व्हीईएन (निर्माता) १०डीई आणि डीईव्ही (उपकरण) ००२डी ही जोडी आहे का ते आधी पाहा. नसेल तर ती फाइल चालवूच नका. जोडी असली तरी सीडी लिहिण्यापूर्वी नव्या संगणकावर फाइल अँटिव्हायरसने तपासून घ्या. एवढे करूनही जमले नाही, तर व्हीबीईएमपी हा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. तो चिपकडे न पाहता कार्डातच असलेल्या व्हेसा बायोस या प्रमाणित प्रणालीवर चालतो. वेग कमी मिळतो, पण रंग आणि पडद्याचा आकार मिळतो.

आणखी एक सावधगिरी. पुढे कधी दुसरे एजीपी कार्ड घ्याल तेव्हा त्याची खाच पाहा. ३.३ व्होल्टच्या जुन्या कार्डाची खाच मागच्या धातूच्या पट्टीकडे असते, १.५ व्होल्टच्या कार्डाची तिच्यापासून दूर. न जुळणारे कार्ड जोर लावून बसवल्यास बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

मूळ प्रश्नकर्ता

आपले मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमाने सर्व केले. तालुक्याला जाऊन सीडी लिहून आणावी लागली, त्यात चार दिवस गेले. फोर इन वन टाकल्यानंतर डिटोनेटर पहिल्याच प्रयत्नात बसला आणि आता पडदा १०२४ × ७६८ वर १६ बिट रंगांत स्थिर आहे. काल दंडारीच्या गाण्यांची पहिली सोळा पाने उघडून वडिलांनी पडद्यावरच तपासली. फॉन्ट सोबत घेण्याचा पर्याय निवडून ती पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या फाइलीत छापली आणि नव्या संगणकावर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने त्यांचे पीडीएफ केले. जोडाक्षरे जशीच्या तशी उतरली आहेत. उरलेली पाने रोज संध्याकाळी वीज असेल तेवढा वेळ करीत आहोत.

एसआयएस ६३२६ ची मूळ ड्रायव्हर सीडी माझ्याकडे शाबूत आहे. कोणाला तिची गरज असल्यास येथे कळवावे, मी तिची प्रतिमा काढून देईन.