मदत हवी आहे : कोरकू बोलणाऱ्या मुलांना मराठी वाचन कसे शिकवावे?

मेळघाटात मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ती मुंडा या वेगळ्या भाषाकुळातील असल्याने मराठीशी तिचे नाते नाही, पाठ्यपुस्तक मात्र मराठी येते असेच गृहीत धरते. काल वाघाचे चित्र पाहून एक मुलगी हळूच ‘कुला’ (कोरकूत वाघ) म्हणाली आणि आपले चुकले असे वाटून तिने लगेच तोंडावर हात ठेवला, ते माझ्या मनाला फार लागले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, पण मलाच कोरकू जेमतेम समजते. आदिवासी भागातील अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे, की अक्षरओळख कोरकू शब्दांपासून करून द्यावी, की आधी काही महिने तोंडी मराठीवरच भर द्यावा? गोष्टी सांगण्यासाठी गावातील आजींना वर्गात कोणी बोलावले आहे का?