भिंतीला ओल, कपाटात बुरा: पावसाळ्यातल्या फ्लॅटचे अनुभव लिहा

ठाणेकरीण (धागाकर्ती):
जुलै निम्मा सरला की आमच्या ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये कपाट उघडल्यावर आधी वास बाहेर येतो, कपडे नंतर दिसतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उपाय विचारले, तर व्हिनेगर, कापूर, डांबरगोळ्या, ब्लीच, कडुलिंबाचा पाला आणि एक वास्तुतज्ज्ञ एवढं सगळं एका संध्याकाळीत आलं. पाणी कुठून येतंय, हे मात्र कुणीच विचारलं नाही. म्हणून हा धागा.

नुसतं ‘अमुक फवारा, तमुक पुसा’ नको. घर कुठलं, कितवा मजला, डाग नेमका कुठे, ओलीचं मूळ काय निघालं आणि पुढच्या पावसाळ्यात डाग परत आला का, ते लिहा. परत आला असेल तर आवर्जून लिहा.

सुरुवात माझ्यापासून. बेडरूमची नैऋत्येकडची भिंत, पाऊस तिकडूनच झोडपतो. रंगारी आतून वॉटरप्रूफ रंग मारून द्यायला एका पायावर तयार होता. त्याआधी ओळखीच्या इंजिनिअर बाईंनी एक साधी परीक्षा सांगितली. ओल्या जागेवर हातभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवायची आणि दोन दिवसांनी सोडवायची. फॉइलची भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची ओली असेल तर खोलीतली वाफ गार भिंतीवर बसतेय. आमची भिंतीकडची बाजू चिंब निघाली. बाहेरून बघितलं तर खिडकीवरचा छज्जा भिंतीला जिथे मिळतो तिथे बारीक भेग. ती मे महिन्यात बाहेरून बुजवून घेतली, आतला भिजलेला गिलावा फोडून नवा केला आणि तो नीट वाळल्यावरच रंग लावला. त्या भिंतीवर नंतर काही उगवलं नाही. कपाटाचं घोडं मात्र अजून अडलेलंच आहे.

भिजलेली छत्री:
वाचनखूण साठवली. आमच्याकडे तर चामड्याच्या चपलांना मिशा फुटतात.

तिसरा मजला (डोंबिवली):
आमचा डाग बाथरूमबाहेरच्या पॅसेजच्या छतावर. पोपडे, पिवळी कड आणि मधोमध काळे ठिपके. ऐन एप्रिलमध्येही ओला असायचा, म्हणजे पावसाचा संबंध नाही. वरचे काका म्हणायचे, “आमच्याकडे तर खडखडीत कोरडं आहे.” असणारच, पाणी सगळं आमच्याकडे येत होतं ना! शेवटी प्लंबरने वरच्या बाथरूमची नानी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून जाण्याचं तोंड) बोळा कोंबून बंद केली आणि फरशीवर निळा रंग घातलेलं पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या छतावर निळी झाक. काकांनी पुढे वाद घातला नाही, उलट चहाला बोलावलं.

खर्चाचं सांगतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक पाइप यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. टॉयलेट, सिंक वगैरेची आतली गळती संबंधित फ्लॅटधारकाने. त्यामुळे पाणी कुठलं हे आधी ठरलं नाही, तर पैसे कुणी भरायचे यावरच दोन पावसाळे जातात.

थेम्सकाठी (लंडन):
इकडे पावसापेक्षा हिवाळा वैरी. जुन्या विटांच्या घरातला भाड्याचा फ्लॅट. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं वॉर्डरोब सरकवलं तर मागचा अख्खा कोपरा काळा. भिंत गार, मागे हवा फिरत नाही आणि घरातली सगळी वाफ तिथेच जाऊन बसते. वाफ कुठली? कुकरची, गरम पाण्याच्या आंघोळीची आणि मुख्य म्हणजे रेडिएटरवर वाळत घातलेल्या कपड्यांची. मशीनभर ओल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी खोलीत उडतं.

आता वॉर्डरोब भिंतीपासून चार बोटं पुढे आहे. कपडे बाथरूममध्ये, दार बंद आणि एक्झॉस्ट चालू. रोज सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. नवरा म्हणतो, हीटिंगचे पैसे खिडकीतून चाललेत. जाऊ देत. कोपरा कोरडा आहे.

घरमालकाचं पालुपद मात्र एकच, ‘तुमच्या स्वयंपाकामुळे होतं’. इथे हे प्रकरण आता हसण्यावारी नेत नाहीत. रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने तो गेला, असा निष्कर्ष कॉरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) २०२२ मध्ये दिला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाला आणि सामाजिक घरं (पालिका किंवा ना-नफा संस्थांची कमी भाड्याची घरं) भाड्याने देणाऱ्या संस्थांना ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करणं बंधनकारक झालं. सुरुवात त्या घरांपासून झालीय, मी खासगी भाडेकरू. तरीही ईमेलमध्ये त्या कायद्याचा उल्लेख केल्यावर घरमालकाची भाषा जरा मऊ झाली.

हवामानवेडा (मुलुंड):
@थेम्सकाठी ताई, तुमचं तुमच्याकडे अगदी बरोबर. पण मुंबईकरांनो, जुलैत हे करू नका! तिकडची ४ अंशांची पूर्ण दमट हवा घरात येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आत येते, म्हणून खिडकी उघडली की घर सुकतं. आपल्याकडे २९ अंश आणि ८५ टक्के म्हणजे दर घनमीटर हवेत २४ ग्रॅमच्या आसपास पाणी. तिकडच्या त्या हवेत जेमतेम सहा. आपण ‘हवा खेळती राहू दे’ म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या टाकतो आणि बाहेरचं पाणी आत घेतो.

पाचसहाशे रुपयांचा आर्द्रतामापक आणा. घरात साठ टक्क्यांच्या आत ठेवलंत तर बुरशीला फार वाव मिळत नाही. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा जास्त असेल तर खिडक्या बंद, पंखे चालू आणि परवडत असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र. उघडीप मिळाली की दुपारी उघडा. एसी असेल तर १८ वर ठेवून घराचा फ्रीज करू नका. सकाळी दार उघडलं की बाहेरची दमट हवा त्या गार भिंतींवर घाम होऊन बसते. २५-२६ वर किंवा ड्राय मोडवर चालवा.

कुलूपबंद (पुणे/पर्वरी):
हवामानवेडा यांना अनुमोदन, पण बंद घराचं वेगळं सांगते. गोव्यात पर्वरीला सासूबाईंचा फ्लॅट आहे, जून ते सप्टेंबर कुलूप. गणपतीला उघडलं की गादीवर पांढरा बुरा, दिवाणाच्या प्लायवर हिरवा आणि सासऱ्यांच्या कोटावर दोन्ही. तिथलं गावचं जुनं चिऱ्याचं घर यापेक्षा बरं राहायचं, कारण कौलांतून हवा जायची आणि चूल रोज पेटायची. फ्लॅटमध्ये यातलं काहीच नाही.

आता निघताना गाद्या भिंतीपासून दूर उभ्या करतो, कपाटांची दारं उघडी, फ्रीज रिकामा करून दार उघडं. हॉलमध्ये डिह्युमिडिफायर, त्याची नळी थेट बाथरूमच्या ट्रॅपमध्ये, नाहीतर टाकी भरली की ते आपोआप बंद पडतं. शेजारच्या भाभी आठवड्यातून डोकावतात. बिल येतं, पण नवीन गादीपेक्षा कमी. बाजारात मिळणारे ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे छोट्या कपाटापुरते ठीक, अख्ख्या खोलीला त्यांचा काही उपयोग नाही.

मीरा रोडची आई:
मुलाला दमा आहे. पावसाळ्यात पंप वाढला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पलंग कुठल्या भिंतीला आहे? ओल्याच भिंतीला होता. तो हलवला आणि गळणारा पाइप दुरुस्त होईपर्यंत मुलगा हॉलमध्ये झोपला.

साफसफाई तो शाळेत असताना करते. कोरडा ब्रश अजिबात नाही, त्याने बुरशीची धूळ घरभर उडते. आधी साबणाचं पाणी फवारायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं टाकून द्यायचं. एन-९५ मास्क, हातमोजे. आणि कृपा करून ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींना त्यापायी दवाखाना गाठावा लागला होता.

गिलावा (कोल्हापूर):
बांधकामातला माणूस म्हणून दोन गोष्टी. भिंतीवर पांढरं दिसलं की लोक बुरशी म्हणून घाबरतात. बऱ्याचदा तो लोणा असतो, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर वर आलेले. थेंबभर पाणी लावा, क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही. अर्थात लोणा असला तरी भिंतीत पाणी आहेच.

दुसरं म्हणजे ब्लीच टाइल्सवर चालतं, गिलाव्यावर नाही. डाग पांढरा होतो, बुरशीचे आत गेलेले धागे शाबूत राहतात आणि वर ब्लीचमधलं पाणी भिंत पिते. नवीन फ्लॅटवाल्यांनी पहिल्याच वर्षी वॉलपेपर लावायची घाई करू नये. गिलाव्यातलं पाणी बाहेर पडायला वाट हवी असते.

काजळमाया नको (चिपळूण):
कॅमेरेवाल्यांसाठी. लेन्सच्या आत एकदा बुरशी धरली की काचेवरचा लेप कायमचा खराब होऊ शकतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा, फार कोरडंही नको. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं. निळ्या खड्यांत कोबाल्ट असतं, ते मुलांच्या हाती आणि स्वयंपाकाच्या भांड्यात नको.

ठाणेकरीण:
सगळ्यांचे आभार. कपाट ओढून पाहिलं. त्याची प्लायची पाठ थेट बाथरूमच्या भिंतीला चिकटलेली आहे! पैठण्यांचं काय करू?

कुलूपबंद:
प्लास्टिकच्या पिशव्यांतून आधी बाहेर काढ. जुन्या सुती धोतरात गुंडाळ, घड्या बदल. पांढरा बुरा असेल तर मऊ ब्रशने गॅलरीत झटक, घरात नको. थेट उन्हात टाकू नकोस, रंग उतरतो. आणि मशीनमधले दमट कपडे त्याच कपाटात ठेवणं आजपासून बंद.

भिजलेली छत्री:
@तिसरा मजला, बाहेरच्या भिंतीसाठी सोसायटीला नुसतं तोंडी सांगितलं तर चालतं का?

तिसरा मजला:
चालत नाही. तारखेसह फोटो लावून सचिवांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि तोही आत्ता, पाऊस चालू असताना. ऑक्टोबरमध्ये भिंत वाळली की कमिटी म्हणते, “कुठे आहे ओल?” अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या, सचिव ‘ठेवा टेबलावर’ म्हणाले तरी.