विषय: सुरीला धार, घरच्या घरी आणि कमी खर्चात

मंडळी, नमस्कार.

सध्या महिनाभर नागपूरला आईकडे आहे, धरमपेठेत. मागच्या खेपेला तिच्यासाठी एक चांगली जर्मन सुरी आणली होती. या वेळी सांबार चिरायला घेतला (पुण्याच्या मंडळींसाठी: कोथिंबीर), तर पानं कापायच्या ऐवजी चेचली जात होती. पाटावर नुसतं हिरवं पाणी. दारावर सायकलवाला धार लावणारा आला, त्याला सुरी दिली. ठिणग्या बघून लेक खूश! पण सुरी परत आली ती टोकाशी निळी होऊन, आणि चार दिवसांत पुन्हा बोथट.

आता घरीच काहीतरी घ्यावं म्हणते. ऑनलाइन खाचेतून सुरी ओढायच्या शंभर रुपयांच्या वस्तूपासून मोठाल्या यंत्रांपर्यंत इतकं काही दिसतं की डोकं चक्रावलं. काय घेऊ?

---

बाई गं, निळं टोक वाचलं अन् राहवलं नाही. आम्ही नागपूरला परत येऊन महाल भागात स्थायिक झालो, तेव्हापासून या मेल-यादीवर नुसतं वाचतच असतो.

निळं झालं म्हणजे तिथलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं. सुरीचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. तेवढा भाग झिजून जाईपर्यंत धार धरणार नाही. त्या माणसावर फार रागावू नकोस. कोरड्या सहाणेवर तो दिवसभर विळे अन् कात्र्या लावतो. ती जाड असतात, लवकर तापत नाहीत. तुझं टोक कागदासारखं पातळ.

खाचेतून ओढायचं ते अजिबात घेऊ नकोस. धार येते, पण पातं खरवडून. लॅन्स्कीसारखी क्लॅम्पची किट वाईट नाही. दगडाची दांडी अडकवायला १७, २०, २५, ३० अंशांची भोकं असतात, म्हणून कोन हलत नाही. खिशातल्या चाकूला झकास, पण लांब सुरीला क्लॅम्प सरकवून दोनदा लावावा लागतो. लोखंडी सळई मुडपलेली कड सरळ करते, बोथट सुरीला ती कामाची नाही.

निसणाच घे, म्हणजे धार लावायचा दगड. इतवारीत लोहा ओळीत कार्बोरंडमचा दुतोंडी दगड तीन-चारशेत मिळेल, पण त्याची बारीक बाजूही तुझ्या सुरीला भरड. ऑनलाइन १००० अन् ६००० ग्रिटचा जोडदगड मागव (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). भाजीला १००० पुरते, दुसरी बाजू हौसेची. बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेव, खाली ओलं फडकं घाल.

कोनाला यंत्र कशाला? कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमड, साडेबावीस अंश झाले. जर्मन सुरीला त्याहून जरा कमी धर. धारेला मार्करने काळं कर. काळं अगदी कडेवरून निघालं तर कोन बरोबर. वरच्या अंगाने निघालं तर पाठ थोडी उचल.

खरी गोम पुढे आहे. एका बाजूने तोवर घासायचं, जोवर दुसऱ्या बाजूला बोटाला बारीकशी खरखर लागत नाही. बोट पाठीकडून धारेकडे न्यायचं, धारेवरून लांबीने फिरवलंस तर टाके पडतील. टाचेपासून टोकापर्यंत खरखर लागली तरच बाजू बदल. मी दोन वर्षं अर्धवट घासून दगडालाच शिव्या देत होतो! शेवटी दाब कमी करत दोन्ही बाजूंनी हलके हात मार, मग जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा उलट ओढ, पाठ पुढे अन् धार मागे. पट्टा कापू नकोस म्हणजे झालं.

---

काका, दगड आला. पहिल्या दिवशी तासभर घासलं, काही नाही. मार्कर लावला तेव्हा कळलं, मी धारेला स्पर्शच करत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती खरखर लागली, टाचेकडे सोडून सगळीकडे. तिथे एकाच जागी आणखी वीस हात दिले.

काल सांबारवडीचा बेत होता. जुडी चिरली, पाट कोरडा. टोकाशी मात्र अजून मऊच, तिथून टमाटर घसरतं.

आईने सगळं बघून घेतलं, काही बोलली नाही. संध्याकाळी पाहते तो विळी आडवी करून, भरड बाजू लागते म्हणून तुम्ही म्हणता तो लोहा ओळीतला दगड शेजारून मागून आणलेला, तोच पात्याच्या वळणावर फिरवतेय. मला म्हणाली, "वाकड्या पात्याला दगडच फिरवावा लागते, तुहा काका ते सांगायला विसरला."

---

विसरलो बाप्पा. तिला नमस्कार सांग. अन् विळीला मार्कर लावू नको म्हणावं, फणस चिरायचा असतो.