मदत हवी आहे: २०१२ च्या केसचं पकड वॉरंट, मुदत संपली ना?

तापीकाठ: काल सकाळी पोलीस घरी आले. मोठ्या भावाचं पकड वॉरंट आहे म्हणे, २०१२ च्या केसमधलं. आई कालपासून जेवली नाही. ३ वर्षांनी केसची मुदत संपते असं गावात सगळे सांगतात, मग वॉरंट आपोआप रद्द होत नाही का? भाऊ आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरतहून येणार आहे. येऊ द्यायचं का? लवकर सांगा.

धुळेकर७१: भो, कलम कोणतं? चार्जशीट कधी गेली?

गिरणाई: घाबरू नका. आमच्या काकांची मारामारीची केस कोर्टाने मुदतबाह्य म्हणून काढून टाकली.

तापीकाठ: ३२४, म्हणजे हत्याराने मारल्याचं कलम. बांधाचं भांडण. चार्जशीट त्याच वर्षी गेली. भाऊ २-३ तारखांना गेला होता, मग सुरतला लूमवर लागला.

धुळेकर७१: हे आधी सांगायचं ना! ती ३ वर्षं कोर्टाने गुन्ह्याची दखल घेण्यापुरती असतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता नागरिक सुरक्षा संहितेत ५१४. केस वेळेत दाखल झाली की मुदतीचा विषय संपला. दाखल केल्याचीच तारीख धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय. आणि वॉरंट कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत लागूच राहतं.

गिरणाई: मग काका कसे सुटले?

धुळेकर७१: तिथे केसच उशिरा दाखल झाली असणार.



रावेरची_केळी: सुरतलाच राहू द्या. इतकी वर्षं गेली, पुढचीही जातील.

धुळेकर७१: कृपा करून असं सांगू नका. फरार घोषित झाला तर जप्ती येते, आणि त्या घोषणेनंतर हजर न होणं हा वेगळा गुन्हा आहे. घोषणा निघालीय का, ते वकिलाकडून आधी बघून घ्या.

पारोळ्याची_ताई: आमच्या ह्यांचं असंच होतं. पोलिसांनी धरायच्या आत स्वतः कोर्टात हजर झाले, वकिलाने वॉरंट रद्द करायचा अर्ज दिला. दंड भरला, नवा जामीनदार दिला, संध्याकाळी घरी आले. जामीनदाराचा सातबारा आणि आधार कार्ड सोबत ठेवा. शनिवारच्या तोंडावर जाऊ नका. आईंना जेवायला घाला.

तापीकाठ: ताई, भावाशी बोललो. आखाजीची वाट न बघता रविवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. जामीनदार दुसऱ्या तालुक्यातला चालतो का?